चक्कीतला लाल दिवा

अनीस गेल्याचा फोन आला तेव्हा माझी चक्की सुरू होती. कोणाची तरी ज्वारी दगडावर लागलेली, मागं डब्यांची रांग. काही ऐकू येईना म्हणून मी फोन घेऊन दारात आले. पलीकडून त्याची बायको सलमा म्हणत होती, “काकू, ये चले गये.” मी म्हटलं, “कुठं गेला? उद्या वर्ग हाये न त्याचा. बाया येतीन.” ती पुन्हा तेच म्हणाली, मग समजलं. अमरावतीला भावाच्या घरी, सकाळी बूट घालता घालता कोसळला. एक बूट पायात, एक हातात. मागून बाया ओरडायला लागल्या, “अव काकू, दगड रिकामा फिरून राहिला!” मी आत आले, चक्की बंद केली आणि वर पाहिलं. बटणाच्या वर भिंतीवर लाल दिवा लागलेला होता. तो आदल्या दिवसापासून तसाच होता. हा दिवा कसला ते सांगितल्याशिवाय अनीस कोण होता हे सांगता येत नाही. आणि तो इतके दिवस लागून राहिला, त्यानं मला धड बसू दिलं नाही, म्हणून लिहायला घेतलं. शाळा चौथीपर्यंत झाली आहे. चुका असतील त्या छापणाऱ्यांनी सुधाराव्यात, मजकूर मात्र बदलू नये.

अकोल्यात जठारपेठेत माझी पिठाची चक्की आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते. चक्कीला लागून एक खोली, मधे एकच भिंत. ती खोली मागायला अनीस आला तेव्हा मी त्याला आधीच सांगून टाकलं होतं, “बापा, इथं शाळा नाई चालणार. चक्कीचा आवाज होते, पीठ उडते.” तो म्हणाला, “काकू, मी कारखान्यातून आलो. शांत जागेत मले झोप येते.” अमरावतीजवळ नांदगाव पेठला कापडाच्या कारखान्यात होता तो. कोणत्या मागावर कोणतं सूत, कोणता रंग, कोणत्या दिवशी, हे सगळं कंप्युटरवर बसवायचं काम त्याचं. हे मला फार नंतर समजलं. तेव्हा एवढंच दिसलं की चांगली नोकरी सोडून हा माणूस बायांना आणि दुकानदारांना कंप्युटर शिकवायला निघाला आहे. म्हणजे डोक्यात काही तरी फिरलेलं असणार. ते होतंच, पण त्याची गोष्ट पुढं येईल.

तो देवमाणूस वगैरे नव्हता. चिडका होता, दुसऱ्याचं बोलणं मधेच तोडायचा. दुसऱ्याच्या घरात येऊन वस्तू हलवायचा. माझा तराजू त्यानं उजवीकडून डावीकडं नेला आणि वरून म्हणाला, तुमचा हात आता कमी फिरेल. सलमा जेवण झाकून वाट पाहत बसायची, हा चक्कीच्या पट्ट्याशी खेळत. आणि बसणं तर त्याला ठाऊकच नव्हतं. वर्गात सगळ्यांना खुर्च्या होत्या, मास्तरची खुर्चीच नव्हती. चहा हातात घेऊन वर्गातून चक्कीत, चक्कीतून वर्गात. त्याच्या बुटाला माझं पीठ लागायचं आणि वर्गाच्या फरशीवर त्याचे पांढरे पाय उमटायचे. मी म्हणायची, “बसून घे बापा घोटभर, पळून नाई चालला चहा.” तो म्हणायचा, “बसलो की आठवते काकू.” काय आठवते ते सांगायचा नाही.

आल्या आल्या त्यानं माझ्या चक्कीचीच परीक्षा घेतली. दारात उभा राहून डब्यांची रांग पाहिली आणि म्हणाला, ही रांगच चुकीची आहे. आधी सगळे गहू, मग सगळी ज्वारी, मग बाजरी, असं दळा, दगड झाडायचा वेळ वाचेल. मी म्हटलं करून पाहा. त्यानं खडूनं डब्यांवर आकडे टाकले. दुसऱ्या दिवशी एकादशी होती हे त्याला कोण सांगणार? उपवासाच्या भगरीचा डबा लहान दिसला म्हणून त्यानं तो बाजरीच्या मागं लावला. भगरवाली बाई अशी काही तडकली... “माझा उपास काय बाजरीवर मोडू का, सर?” सगळ्या बाया हसायला लागल्या, अनीस खडू हातात घेऊन उभा. मग मी त्याला सांगितलं. उपवासाचं दळण सकाळी पहिलं, दगड साफ करून. गहू गव्हावर टाकायचा, ज्वारीवर टाकला तर पोळी काळी येते. दगडात आधीचं थोडं राहतंच, कितीही झाडलं तरी. म्हणून चक्कीवर आलेली बाई पहिल्यांदा हेच विचारते, आधी काय दळलं?

त्यानं खडू खिशात टाकला. वाद न घालता निघाला की समजायचं, काही तरी उचललं यानं. पुढच्या आठवड्यापासून वर्गात नवीन आलेल्या प्रत्येकाला तो पहिला प्रश्न हा विचारायला लागला, “तुमी आधी काय करत होते?” नाव नंतर, शिक्षण तर विचारायचाच नाही. शिवणाऱ्या बाईला मापांवरून शिकवायचा, किराणावाल्याला उधारीवरून. मला भिंतीतून ऐकू यायचं. एकदा म्हणालासुद्धा, “काकू, गव्हावर गहू टाकून राहिलो मी.” मी म्हटलं, माझ्या चक्कीचं नाव लाव मग पाटीवर. नाही लावलं.

आता दिवा. वर्गात प्रत्येक टेबलाखाली त्यानं एकेक दोरी सोडली होती, जुन्या घरात दिवा लावायला खेचायची दोरी असते तशी. दोरीच्या टोकाला कारखान्यातून आणलेली सुताची रिकामी बॉबिन, हातात यायला सोपी. ज्याला समजलं नाही त्यानं टेबलाखालून हळूच दोरी ओढायची. वर्गात लाल दिवा लागायचा आणि तसाच एक माझ्या चक्कीत. वर्गातला दिवा लागला की अनीसनं पुढं जायचं थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. चक्कीतला लागला की मी चक्की थांबवायची, म्हणजे त्याचं ऐकू जाईल. दोरी कोणी ओढली हे त्याला दिसत नसे आणि त्यानं विचारायचं नाही हा त्याचाच नियम. ज्यानं ओढली त्याला समजलं की त्यानंच पुन्हा ओढायची, तेव्हा दिवा विझणार. दोघांनी ओढली असेल तर दोघांनी परत ओढेपर्यंत नाही. मास्तरला विझवता येत नव्हता. मुद्दामच तशी वायर केली होती.

मला हा सगळा प्रकार येडेपणाचा वाटला होता. दळण अर्धं, दाण्याची वाट बंद करा, दगड सैल करा, मोटार थांबवा, कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडेपर्यंत उभ्या राहा. गिऱ्हाइकं बोंबलायची. “काय झालं व काकू? लाईट गेली का?” मी सांगायची, “नाई, अक्कल अडकली कोणाची तरी. थांबा.” हळूहळू जठारपेठेतल्या बायांना सवय झाली. दिवा लागला की आपसात गप्पा सुरू करायच्या, कोणी भिंतीला कान लावायची. एक म्हातारी तर दळण न्यायला येऊन भिंतीतूनच बँकेचं काम मोबाईलवर कसं करतात ते शिकून गेली.

हे त्यानं कशापायी केलं, ते एकदा भाकरी खाताना सांगितलं. उभ्या उभ्याच खात होता. त्याच्या कारखान्यात मागांजवळ पहिल्यांदा कंप्युटर लावले तेव्हा कामगारांना शिकवायचं काम याच्याकडं आलं. यानं चांगलं शिकवलं, म्हणजे याला तसं वाटलं. दर थोड्या वेळानं विचारायचा, “समजलं का?” सगळे म्हणायचे, “हो सर.” त्यात गुलाबराव नावाचा सगळ्यात जुना कामगार होता, मान सगळ्यात जास्त तोच हलवायचा. पुढं एके दिवशी कंप्युटरनं गुलाबरावला काही विचारलं. त्यानं नेहमीसारखं ‘हो’ दाबलं. अख्ख्या मालाला दुसराच रंग लागला. गुलाबरावला घरी बसवलं. हा साहेबाच्या खोलीत जाऊन भांडला की चूक त्याची नाही, माझ्या शिकवण्याची आहे. साहेब म्हणाला, पण तो तर हो म्हणाला होता ना? काही महिन्यांनी यानंही कारखाना सोडला. “चार पोरांसमोर तो नाई कसं म्हणीन, काकू? पन्नाशीचा माणूस,” अनीस म्हणाला. “मी त्याले विचारतच चुकीचं होतो.” त्याच्या वर्गात ‘समजलं का’ हे दोन शब्द बंद होते. मी भिंतीपलीकडून इतकी वर्षं ऐकलं, एकदाही ऐकले नाहीत. कुठल्याशा परदेशातल्या कारखान्यात कोणताही कामगार दोरी ओढून सगळं काम थांबवू शकतो, असं त्यानं नोकरीत असताना ऐकलं होतं. तिथं दोरी लावायची याची हिंमत झाली नाही. इथं लावली.

या वेळच्या वर्गात पुष्पा आली. कापसाच्या जिनिंग कारखान्यात गाड्यांच्या वजनकाट्यावर कागदाची पावती फाडून देण्याचं काम करते, पंचेचाळीस-पन्नासची असेल. मालकानं काट्याला कंप्युटर जोडला आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत शिका, नाहीतर दुसरा माणूस येईल. नवरा घरीच असतो, पाठ दुखते म्हणतो. घर तिच्या पावतीवर चालतं. पुष्पा पहिल्या दिवसापासून काय करायची? मान हलवायची. काहीही सांगा, मान हलवून मोकळी. अनीस त्या दिवशी चक्कीत येऊन माझ्यासमोर येरझाऱ्या घालायला लागला. “काकू, गुलाबराव आला. साडी नेसून आला.” मी हसले. तो हसला नाही. मग त्यानं तिच्यासाठी कंप्युटरवर खोटा काटा तयार केला. त्यात खोट्या गाड्या येतात, भरलेल्या तोलायच्या, रिकाम्या तोलायच्या, पावती करायची. तिनं दोरीला हात लावावा म्हणून तो दिवस दिवस वाट पाहत होता. तिची दोरी काही हलत नव्हती. डावा खांदा चोळत फिरायचा तेव्हा. मी म्हटलं, दाखव डॉक्टरले. म्हणाला, “ही बॅच होऊ द्या, दिवाळीनंतर.” मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही, ऐकणारा माणूस नव्हता तो.

शेवटच्या दिवशी त्याचा पाय जमिनीवर नव्हता. नांदगाव पेठच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. नवीन माणसांना नवीन पद्धत शिकवायची, एक दिवस या. इतकी वर्षं तो तिकडं फिरकला नव्हता. या वेळी दोन कारणांनी हो म्हणाला. एक म्हणजे शिकवायच्या खोलीत दोऱ्या लावू द्यायला ते तयार झाले. दुसरं म्हणजे त्या नवीन माणसांत गुलाबरावचा मुलगा होता. पिशवीत वायरचं भेंडोळं, खेचायची बटणं, दोऱ्या. अकोल्याहून अमरावतीची बस पकडायची होती. वर्ग संपायला आला आणि भिंतीवर दिवा लागला. मी चक्की थांबवली. पलीकडं बायांची कुजबुज, मग अनीसचा आवाज, “आता ज्यानं ओढली त्यानं तशीच राहू द्या. मी परवा आलो की पहिलं हेच.” असं तो कधीच करत नसे. दिवा लागलेला ठेवून तो एकदाही गेला नव्हता. बाहेर आला, चेहरा असा फुललेला की मी चमकले. खिडकीतून म्हणाला, “काकू, दिवा बंद नका करजा हं. पाहता का, लागला!” मी म्हटलं, “मी कायले बंद करू? जाय, बस चुकन.” बस. एवढंच बोलणं.

मी अमरावतीला गेले. दफन आधीच झालं होतं. सलमाजवळ बसले. रडणं मला पटकन येत नाही, तिलाही येत नव्हतं. कोपऱ्यात ती वायरची पिशवी होती. तिनं ती माझ्या हातात दिली आणि विचारलं, “बत्ती अब भी जल रही है?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “फिर मशीनें रहने दो, काकू. मेरी इद्दत के बाद देखेंगे.” नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, ती इद्दत. दीर वर्गातली मशीनं विकायचं म्हणत होता, त्याच्यासमोर म्हणाली.

नंतरचे दिवस मला अजिबात आवडले नाहीत. लाईट जायची, दिवा विझायचा. लाईट यायची, पुन्हा लागायचा. म्हणजे कोणाची तरी दोरी तशीच ओढलेली. मी दळत होते, पण सवयीनं हात बटणाकडं जायचा. दिवा लागलेला असताना चक्की चालवायची मला सवयच नव्हती. दोनदा गहू ज्वारीवर टाकला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, “आई, खोली मोबाईलवाल्याला देऊन टाक. आता भावना सोड.” मी म्हटलं, “भावना कायची? दिवा लागलेला हाये.” म्हणाला, “मग वायर काढ.” समोरचा मोबाईलवाला रोज येऊन विचारायचा, “काकू, खोली रिकामी कधी होते?” त्यालाही तेच सांगितलं. त्याला वाटलं म्हातारी फिरली. वर्गातल्या बाया एकदोनदा आल्या, टेबलांपाशी उभ्या राहिल्या, निघून गेल्या. पुष्पा आलीच नाही. तिच्या काट्यावर गेले तर मान खाली घालून पावत्या फाडत होती. “सर नाईत तं येऊन काय करू, काकू?” मालकानं बोलावून पुन्हा दिवाळीची आठवण करून दिली होती म्हणे. मी म्हटलं, “ते मले काय माईत. उद्या दुपारी ये. सगळ्यांले बोलावलं.” बोलावलं नव्हतं. मग जाऊन बोलावलं.

जमल्या सगळ्या. मी त्या खोलीत उभी राहिले. खुर्ची नव्हतीच. मी म्हटलं, “दिवा लागून राहिला. कोणाचा ते मी नाई विचारत, तसा नियम नाई. पण मी अशी किती दिवस दळू? सर काय करत होते दिवा लागल्यावर?” शिवणकाम करणारी रेखा म्हणाली, “पहिल्यापासून सांगायचे.” मी म्हटलं, मग सांगा. चक्की बंद करून आले आहे मी. रेखा उठली आणि त्या शेवटच्या दिवशीचं सांगायला लागली. खोटा काटा होता. गाडी आली, नंबर टाकला, वजन घेतलं, पावती झाली. दोन ठिकाणी चुकली, दुसरीनं सांगितलं, तिसरी म्हणाली तसं नाही. भांडणच सुरू झालं. अनीस असता तर ओरडला असता. पावती झाल्यावर रेखा म्हणाली, “एवढंच होतं.” दिवा तसाच. मग पुष्पा बोलली, पडद्याकडं पाहत, कोणाकडं न पाहता, “पण चुकलं तं? नंबर चुकला न पावती झाली, तं मागं कसं घ्याचं?”

कोणालाच येत नव्हतं. अनीसनं ते सांगितलंच नव्हतं. पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. खोडायला गेल्या, खोडलं जाईना. रेखा म्हणाली, मशीनच खराब आहे. खिडकीतून दळणवाल्या बाया डोकावून सल्ले द्यायला लागल्या, त्यांनाही काही येत नव्हतं. शेवटी एकीच्या हातानं कुठं तरी दाबलं गेलं आणि पावतीवर आडवी ‘रद्द’ अशी रेघ आली, खाली नवीन कोरी पावती. पुष्पा खुर्चीतून अर्धी उठली. “अव! आमी कागदावर असंच तं करतो! जुनी फाडत नाई, रद्द लिहितो न नवीन करतो!” हे तिला येतच होतं, आधीपासून. मग तिनं स्वतः केलं. मुद्दाम नंबर चुकवला, रद्द केली, नवीन केली. पुन्हा चुकवला. तिचा नवरा, तिचा मालक, दिवाळी, सगळ्यांना एकदाच रद्द करून टाकल्यासारखी दाबत होती. आणि मग टेबलाखाली तिचा हात गेला. मी पाहिलं नाही असं मी दाखवलं.

दिवा विझला.

मी चक्कीत आले. भिंतीकडं पाहिलं. तिथं दिव्याच्या जागी आता नुसता काचेचा लाल गोळा, त्यावर पिठाचा थर. इतके दिवस लागलेला होता म्हणून थर दिसला नव्हता. मी पदरानं पुसला. वायरची पिशवी खुंटीला टांगलेली होती, तिला हात लागला. बाहेर बाया विचारत होत्या, “झालं का व काकू? आता दळता का नाई?” मी म्हटलं, झालं. दाण्याची वाट सोडली, मोटार सुरू केली. गहू होते, गव्हावरच. चांगलं पीठ पडायला लागलं. पलीकडून रेखाचा आवाज येत होता, पुढचं काही तरी सांगत होती, चुकीचंच असणार. पहिल्या डब्याचं अजून अर्धंही झालं नसेल, तोच भिंतीवर लाल दिवा लागला.

कोणाचा ते मी विचारलं नाही. चक्की थांबवली. रांगेतल्या बायांना म्हटलं, “बसा. आज काही तुमचं दळण होत नाई.”